बंड्या गेल्यानंतरचे दुःख कोणाशी बोलावे?

प्रश्न

आमचा कुत्रा बंड्या १३ वर्षे आमच्या घरी होता आणि गेल्या महिन्यात मूत्रपिंडे निकामी होऊन गेला. शेवटचे ११ दिवस आम्ही घरीच त्याच्या कातडीखाली सलाइन देत होतो; पण त्याने पाणीही सोडले तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने, त्याला इंजेक्शन देऊन कायमचे शांत करण्याच्या कागदावर मी सही केली. ती सही डोळ्यांसमोरून हलत नाही. त्याचे जेवण कमी झाले त्याच दिवशी रक्त तपासले असते तर तो वाचला असता, असे सतत वाटते. अजूनही पोळीचा शेवटचा चतकोर मी नकळत ताटाच्या कडेला काढून ठेवते आणि तो कोणासाठी ठेवला हे लक्षात आले की पुढचा घास उतरत नाही. ‘कुत्राच होता, दुसरा आणा’ असे कार्यालयात ऐकल्यापासून मी विषयच काढत नाही. सासूबाईंचीही हीच अवस्था आहे, पण आम्ही दोघी एकमेकींसमोर रडणे टाळतो. माणूस गेले की चार लोक भेटायला येतात, दिवस होतात. येथे त्यातले काहीच नाही. आधार कोठे शोधावा?

प्रतिसाद १

ताई, मी पशुवैद्यकीय दवाखान्यात मदतनीस आहे, म्हणून आधी तुमच्या मनातल्या दोषाविषयी लिहितो. मूत्रपिंडांच्या जुनाट आजारात रक्तातले क्रिएटिनीन (मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात ते टाकाऊ द्रव्य) वाढलेले दिसू लागते तोवर मूत्रपिंडांची साधारण ७५ टक्के कार्यक्षमता गेलेली असते. आधीची खूण म्हणजे पाणी जास्त पिणे आणि लघवी जास्त होणे. उन्हाळ्यात ती भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. जेवण कमी होते ते बहुधा पुष्कळ पुढच्या टप्प्यावर. शेवटचे इंजेक्शन म्हणजे बहुधा भुलीच्याच औषधाची मोठी मात्रा असते; आधी शुद्ध हरपते आणि त्यानंतर श्वास व हृदय थांबते. माझे ऐकून समाधान होणार नाही, म्हणून सगळे रिपोर्ट घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे पुन्हा जा आणि ‘मी उशीर केला का’ हे स्पष्ट विचारा. प्राणी गेल्यानंतरही असे विचारायला लोक येतात, त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

प्रतिसाद २

माझा आग्रह एवढाच की सुरुवात सासूबाईंपासून करा. आमची मनी गेली तेव्हा घरात कोणी तिचे नावही घेत नव्हते. वडील रोज संध्याकाळी गॅलरीचे दार तिच्यासाठी चार बोटे उघडे ठेवत होते, हे मला दोन महिन्यांनी कळले. तेवढे दिवस आम्ही दोघांनी एकट्यानेच काढले, याचे आजही वाईट वाटते. बंड्याला ज्यांनी भरवले, फिरवले, औषध पाजले, त्यांच्याइतके हे दुःख बाहेरचा कोणी ओळखणार नाही.

प्रतिसाद ३

मी समुपदेशक आहे. ज्या दुःखाला समाज उघडपणे मान्यता देत नाही, अशा दुःखाविषयी अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये सविस्तर लिहिले आणि पाळीव प्राण्याच्या मृत्यूचे दुःख त्यातच मोडते. शोक करायला जागाच न मिळाल्याने तो आत साचतो. तुम्हाला घास उतरत नाही, हा दुबळेपणा नव्हे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तेथे मराठीतून बोलता येते. झोप आणि जेवण असेच बिघडलेले राहिले तर अवश्य फोन करा. जगणे नकोसे वाटू लागले तर मात्र त्याच क्षणी करा. दुसरे पिल्लू आणण्याचा निर्णय तूर्त कोणाच्याही सांगण्यावरून घेऊ नका.

प्रश्नकर्तीचे उत्तर

काल रात्री सासूबाईंना त्या चतकोराविषयी सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठून त्यांनी कपाटातून साडीत गुंडाळून ठेवलेला बंड्याचा पट्टा काढला. तो मी महिनाभर शोधत होते. शनिवारी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जाणार आहे, आणि त्याही सोबत येणार आहेत.