महिना उलटला तरी मलेरिया असू शकतो

‘भारतातून परत येऊन महिना झाला की मलेरियाची भीती संपली’ असं काहीजण म्हणतात, पण व्हायवॅक्स या मलेरियाच्या प्रकाराला ते अजिबात लागू नाही. त्याचे परजीवी यकृतात महिनोन्महिने झोपून राहतात. माझा धाकटा भाऊ जुलैत पनवेलहून जर्मनीला परतला आणि ताप आला थेट फेब्रुवारीत. दोन रजयांखाली दात वाजत होते, तासाभराने घामाने चादर चिंब. डॉक्टरांनी फ्लू म्हणून पॅरासिटामॉल दिलं. भारतात जाऊन आल्याचं त्यांनी विचारलं नाही, यानेही सांगितलं नाही.

सहाव्या दिवशी रक्त तपासलं तर निगेटिव्ह! दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतलं तेव्हा सापडला. म्हणून कळकळीने सांगते, प्रवासाचं आधी सांगा आणि एका निगेटिव्ह रिपोर्टवर थांबू नका, 12 ते 24 तासांनी परत तपासा. रक्तपेशींतलं जी6पीडी नावाचं एन्झाइम पुरेसं आहे ना ते तपासून त्याला प्रायमाक्विन हे औषध 14 दिवस दिलं, यकृतातले परजीवी त्याने मरतात.