सांगलीतला रॉक बँड, लेबलच्या अ‍ॅग्रीमेंटबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमचा चौघांचा बँड, प्रॅक्टिस मार्केट यार्डाजवळ मित्राच्या हळदीच्या गोडाऊनमध्ये, त्यामुळं ड्रमच्या सिंबल्स (झांजा) कायम पिवळ्या. आता एक छोटं लेबल (म्युझिक कंपनी) आमचं पहिलं सिंगल काढतंय, स्टुडिओचा खर्च त्यांचा, पण अ‍ॅग्रीमेंटमध्ये मास्टर (म्हणजे मूळ रेकॉर्डिंग) कायमचं त्यांच्या नावावर आणि वर गीत-संगीताची रॉयल्टी पण आम्ही सोडायची असं लिवलंय. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला ही रॉयल्टी अशी सोडून देता येत नाही ना? मग हे कलम घातलंच कशाला? मास्टर पाच वर्षांपुरतं देतो म्हटलं तर बिचकतील का ते? ड्रमर म्हणतोय गप सही कर की लेका, शनिवारी रेकॉर्डिंग आहे. आयपीआरएसची (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) मेंबरशिप आधी घ्यायची का गाणं आल्यावर? कुणी केलंय का असलं, सांगा प्लीज.