अंगणातल्या हॉट टबची वायरिंग : सोसायटी ग्रुपवरची चर्चा, लातूर

रो-हाऊस 7 : नमस्कार मंडळी. अंगणात चार जणांचा हॉट टब बसवायलोत. दुकानदार म्हणतो, गिझरचा 16 अँपचा पॉइंट आहे ना, त्यावरच चालेल. जाणकारांनी सांगावं.

सी-102 : 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं गाव आपलं, आणि आता अंगणात टब!

रो-हाऊस 7 : काका, तेच पाणी फिल्टर होऊन फिरतं, रोज ओतायचं नाही.

बी-304 : दादा, टबच्या प्लेटवर काय लिहिलंय ते टाका.

रो-हाऊस 7 : हीटर 3 किलोवॅट, जेट पंप 1.5, ब्लोअर 0.7, छोटा फिरता पंप 0.25. पाणी 1200 लिटर.

बी-304 : म्हणजे साडेपाच किलोवॅटच्या आसपास, 230 व्होल्टला 24 अँप. 16 चा पॉइंट तिथंच बाद. काही कंट्रोलरमध्ये जेट चालू झाला की हीटर आपोआप बंद व्हायची सोय असते, दुकानदार त्याच्या भरवशावर बोलत असेल. तरी नको. नुसता हीटरच 13 अँप घेतो आणि तोही सलग. 1200 लिटर पाणी 20 अंशांवरून 39 वर न्यायला साधारण साडेसव्वीस युनिट लागतात, 3 किलोवॅटच्या हीटरला जवळपास नऊ तास. घरातला गिझर थोड्या वेळात कट होतो, म्हणून त्या पॉइंटचं निभतं. नऊ तासांत पिना तापतात, सॉकेटची पकड सैल होते, सैल झाली की आणखी तापते, शेवटी प्लग चिकटून वितळतो. टबला प्लग नकोच, थेट आयसोलेटरमधून (वीज पूर्ण तोडायचा स्विच) जोडायचा. आधी बिलावरचा मंजूर भार बघा. कमी असेल तर महावितरणकडं वाढवून घ्या, मग खोदकाम.

ए-101 : मीटर बोर्डापासून टब किती लांब, दादा?

रो-हाऊस 7 : 25 मीटर धरा.

ए-101 : मग 6 चौरस मिमी, तीन कोअर (आत तीन तारा), तांब्याची आर्मर्ड (वरून लोखंडी कवच असलेली) केबल. 25 अँपला 25 मीटरवर साडेचार-पावणेपाच व्होल्ट वाटेतच घटतात, म्हणजे 2 टक्के. 4 ची घातली तर 7 व्होल्टपर्यंत जातं, शिवाय जास्त तापते. फरकाच्या पैशासाठी 4 च्या नादी लागू नका. केबल अडीच फूट खोल, खाली-वर वाळू, वर विटांचा थर, त्यावर पिवळी धोक्याची पट्टी. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे केबल ताणून टाकू नका. दोन्ही टोकांना एकेक वेढा मोकळा ठेवा आणि गाडीच्या वाटेखाली डीडब्ल्यूसी (दुहेरी भिंतीचा प्लास्टिक) पाइप घाला. आर्मर दोन्ही बाजूंनी ग्लँडमधून (केबल पेटीला घट्ट धरणारा धातूचा जोड) अर्थ करायचा, पण अर्थिंगचं काम फक्त त्याच्यावर सोडायचं नाही. तिसरी कोअर त्यासाठीच आहे.

सी-102 : एमसीबी (जादा करंटला वीज तोडणारा स्विच) आहे, अर्थिंगचा खड्डा आहे. बास की. आरसीसीबी (गळतीला वीज तोडणारा स्विच) पावसाळ्यात उगीच पडत राहतो, म्हणजे वीज तोडतो.

बी-304 : काका, गोम इथंच आहे. समजा खड्डा चांगला आहे, रोध 5 ओहम. हीटरचा फेज बॉडीला लागला तर जमिनीतून जाणारा करंट 230 भागिले 5, म्हणजे 46 अँप. 32 अँपचा सी-कर्व्ह प्रकारचा एमसीबी झटक्यात पडायला 160 ते 320 अँप लागतात. 46 म्हणजे त्याच्या क्षमतेच्या 1.44 पट. एवढ्यावर तो तासभर पडला नाही तरी नियमात बसतो. तेवढा वेळ टबची बॉडी जिवंत आणि पाण्यात माणूस. आणि मे महिन्यात, खड्ड्यात पाणी नसताना, 5 ओहमही राहत नाहीत. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलनं परत आलेला करंट ताडून बघतो. 30 मिलीअँपचा फरक आला की 0.3 सेकंदाच्या आत तोडतो, मोठ्या गळतीला त्याहून लवकर. खड्डा बेताचा असला तरी तो काम करतो. म्हणून एमसीबी केबलसाठी, आरसीसीबी माणसासाठी. दोन्ही लागतात, कारण आरसीसीबीला ओव्हरलोड कळत नाही.

उगीच पडण्याचं म्हणाल, तर नव्या वायरिंगमध्ये बहुतेक वेळा कारण एकच : टबचा न्यूट्रल घरातल्या दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला जोडलेला असतो, नाहीतर आरसीसीबीच्या पुढं न्यूट्रल आणि अर्थ कुठंतरी एकत्र आलेले असतात. पावसाळ्यात पडत असेल तर ओल खरोखर आत शिरलीय. तो खरं बोलायलाय, त्याला बायपास करू नका.

ए-101 : खरेदीसाठी लिहून घ्या, दादा. 32 अँप डीपी (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी सी-कर्व्ह. 40 अँप दोन पोल आरसीसीबी, 30 मिलीअँप, टाइप ए (इलेक्ट्रॉनिक्समधली गळतीही पकडणारा), कारण कंट्रोलरमध्ये इलेक्ट्रॉनिक्स आहे. हा आरसीसीबी फक्त टबसाठी, घरच्या मुख्य आरसीसीबीवर टब टाकला तर इथं ओल आली की फ्रिजही बंद. टबजवळ 40 अँपचा दोन पोल आयसोलेटर, आयपी 65 (धूळ-पाणी आत न जाणाऱ्या) पेटीत, काठापासून निदान 2 मीटर लांब, पण टबपाशी उभं राहिल्यावर दिसेल असा. केबल पेटीत खालून घ्या. वरून घेतली तर पाणी तिच्यावरून उतरत आत जातं. वापरात नसलेली भोकं बंद करा, पाली आणि मुंग्या उबेला हमखास येतात आणि पाल दोन टर्मिनलांवर आडवी पडली की झालं.

बी-304 : आणि बाँडिंग. टबच्या आसपासची लोखंडी रेलिंग, पायऱ्या, पत्र्याच्या शेडचे खांब, जीआय पाइप, सगळं 4 चौरस मिमी हिरव्या-पिवळ्या तारेनं एका पट्टीला आणि ती पट्टी टबच्या अर्थला. ओल्या अंगानं एक हात टबवर आणि दुसरा रेलिंगवर असला तरी दोन्हींत व्होल्टेजचा फरक राहू नये, हा हेतू. हेच काम लोक सर्वांत जास्त टाळतात.

ए-204 : आमच्या गच्चीवर बसेल का हो?

बी-304 : ताई, 2 बाय 2 मीटरचा टब भरल्यावर माणसांसकट दीड टन. चौरस मीटरला पावणेचारशे किलो. गच्चीचा स्लॅब साधारण दीडशेला धरलेला असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय विषयच नको.

सी-203 : कॅनडात कॅलगरीला लेकीकडं पण टब बसवायलेत. तिकडं हेच सगळं चालतं का?

बी-304 : नाही मावशी, तिकडचं वेगळं. 240 व्होल्ट म्हणजे दोन फेज, प्रत्येक न्यूट्रलला 120, आणि चौथी अर्थ. नेहमीचा टब असेल तर 50 अँपचा जीएफसीआय ब्रेकर (तिकडचा गळती पकडणारा ब्रेकर), 6 गेजची (तिकडचं तारेच्या जाडीचं माप) तांब्याची तार. तो 5 मिलीअँपच्या आसपास पडतो, आपल्या 30 पेक्षा बराच नाजूक. त्यात एक चूक ठरलेली. बरोबर जोडणी अशी : ब्रेकरची पांढरी तार न्यूट्रल पट्टीवर जाते आणि टबचा न्यूट्रल ब्रेकरवरच्या न्यूट्रल टर्मिनलला. टबचा न्यूट्रल थेट पट्टीवर लावला तर चालू करताच पडतो. चर जमीन गोठायच्या आत खणायला सांगा. कडाक्याच्या थंडीत पीव्हीसी कडक होऊन वाकवताना तडकतं. जमीन गोठून फुगते, म्हणून टबकडचं शेवटचं जोडकाम लवचिक पाइपातून. घर बंद ठेवून गेल्यावर ब्रेकर पडला तर हीटर-पंप थांबतात आणि पाइपातलं पाणी गोठून पाइप फुटतात, त्यामुळे शेजाऱ्याला बघायला सांगावं. परमिट आणि तपासणी तिथं लागतेच. तिकडचा टब इकडं आणायचा विचार मात्र करू नका, पंप 60 हर्ट्झचा असतो, आपल्या 50 वर हळू फिरतो आणि तापतो.

रो-हाऊस 7 : बोअरचं पाणी चालेल का?

ए-101 : चालेल, पण आपलं पाणी जड. एलिमेंटवर क्षार बसतो, आतली उष्णता बाहेर जात नाही, नळी तडकते आणि गळती सुरू. हीटर लागल्यावर थोड्या वेळानं आरसीसीबी पडायला लागला, तर मेन बंद करून हीटरच्या दोन्ही तारा काढा, टोकांना टेप लावा, मग चालू करा. टिकला तर दोष हीटरचाच. 500 व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) बघा, एक मेगाओहमच्या खाली आलं तर बदला. मेगर लावताना कंट्रोलरचं कार्ड आधी सोडवा, नाहीतर कार्डच जाईल. काम परवानाधारक ठेकेदाराकडून करा आणि टेस्ट रिपोर्ट घ्या. आरसीसीबीचं टेस्ट बटन महिन्यातून एकदा दाबायचं.

रो-हाऊस 7 : दुकानात 100 मिलीअँपचा आरसीसीबी तयार आहे, 30 चा चार दिवसांनी येईल म्हणतोय. 100 चा घेऊ का?

ए-101 : नको. 100 चा आगीपासून वाचवायला, मेनवर ठीक. पाण्यात बसणाऱ्यासाठी 30 च. चार दिवस थांबा.