'ओपन द लाइट' ही पाठांतराची चूक नव्हे

इंग्रजीत दिवा लावण्याला 'टर्न ऑन द लाइट'ऐवजी 'ओपन द लाइट' म्हणणारे चिनी विद्यार्थी शब्दार्थ नीट पाठ करत नाहीत, असे एक मत आहे; ते मला पटत नाही. उलट त्यांनी ते फार इमानाने पाठ केलेले असतात. शब्दसूचीत 'ओपन'समोर जे चिनी क्रियापद असते, त्याचा उच्चार साधारण 'खाय' असा होतो (आपल्या खाण्याशी त्याचा संबंध नाही) आणि त्याची व्याप्ती 'उघडणे'च्या बरीच पलीकडे जाते. त्याच एका शब्दाने दार उघडतात, दिवा लावतात, मोटार चालवतात, बैठक घेतात, डॉक्टर औषध लिहून देतात, फूल उमलते आणि पाणीही उकळते. पारंपरिक लिपीतील त्याच्या अक्षरात दार स्पष्ट दिसते. सुलभ केलेल्या अक्षरातून मात्र ते गळाले आहे.

दिव्याची चूक निदान ऐकताक्षणी कळते. फसवणूक होते ती जिथे इंग्रजी वाक्य व्याकरणदृष्ट्या बिनचूक असते तिथे. मी ऑनलाइन इंग्रजी शिकवत असे तेव्हा एका चिनी विद्यार्थिनीने तास पुढे ढकलताना 'आय हॅव टु ओपन अ मीटिंग' असे लिहिले, आणि ती कुठल्याशा सभेचे उद्घाटन करणार आहे असे समजून मी तिचे अभिनंदन केले. तिला फक्त कार्यालयातील नेहमीच्या बैठकीला बसायचे होते. त्यानंतर मी तिला 'ओपन' सुटे शिकवणे सोडले आणि 'टर्न ऑन द लाइट', 'ड्राइव्ह अ कार', 'हॅव अ मीटिंग' अशा जोड्याच वहीत उतरवून घेऊ लागलो.