जेलीफिशला मराठीत 'झार' का म्हणू नये?

सागरवेळ (धागाकर्ता)
आमच्या सिंधुदुर्गात रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, ही गिळगिळीत रास आली की म्हातारे म्हणतात, "झार लागला." पुस्तकात मात्र जेलीफिश. मासाच नव्हे तो! हाड नाही, मेंदू नाही, काळीज नाही. अंगात ९५ टक्के पाणी. मल्याळममध्ये त्याला 'कडलचोरी' म्हणतात, म्हणजे समुद्राची खाज. तमिळमध्ये 'सोरी मीन', खाजरा मासा. ज्यांचे हात पोळले त्यांनी ठेवलेली नावं आहेत ही. शाळेच्या पुस्तकातही झारच लिहावं.

खाडीपल्याड
मासा नाही म्हणून नाव टाकायचं, तर देवमासा आणि तारामासाही टाका. देवमासा सस्तन आहे हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, नावामुळे त्याचं काही अडत नाही. उलट लातूरच्या मुलाला झार म्हणजे काय कळणार? जेलीफिश त्याने टीव्हीवर तरी पाहिलाय.

सागरवेळ
देवमाशाचा मुद्दा मान्य, माझा तो आक्षेप मागे. पण देवमासा हे आपलं नाव आहे, जेलीफिश उसनं. लातूरच्या मुलाला 'कोळंबी' शिकवतोच ना आपण?

चांदणभरती
झारमध्ये मला फक्त वैताग ऐकू येतो. जपानी लोक 'कुरागे' लिहिताना समुद्र आणि चंद्र ही अक्षरं जोडतात. अरबीत तो समुद्राचा कंदील, तुर्कीत समुद्राची आई. जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने तर १७५८ साली ग्रीकांच्या सर्पकेशी मेडुसाचं नाव दिलं. रात्री पाण्यात तरंगताना एकदा पाहा, मग सांगा खाज आठवते का.

सागरवेळ
ताई, जाळं ओढणाऱ्याला कंदील दिसत नाही, हात सुजलेले दिसतात.

खाडीपल्याड
खरी अडचण वेगळीच आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या चौपाट्यांवर दीडशेच्या आसपास लोकांना डंख झाले. तो निळा फुगा म्हणजे फायसेलिया, अनेक जीवांची मिळून एक वसाहत. खरा जेलीफिश नव्हेच. तरी लोक सरसकट जेलीफिशच म्हणत होते. उद्या सगळ्यालाच झार म्हणाल, तर घोळ तोच राहील.

सागरवेळ
मग निळ्याला 'निळा झार' म्हणू. किनाऱ्यावरच्या पाटीवर "झार आलाय, पाण्यात उतरू नका" लिहिलं तर आमच्या गावात पोरंसोरंही मागे फिरतील.

खाडीपल्याड
पाटीवर लिहा, माझी ना नाही. पुस्तकात मात्र जेलीफिशच हवा, कंसात झार.

सागरवेळ
झार आधी, जेलीफिश कंसात.