शब्दचर्चा : धसका, शीण, सल... फौजीच्या मनाच्या दुखण्याला मराठीत म्हणायचं काय?

खाडीकाठचा :
नमस्कार मंडळी, एका शब्दापाशी अडलोय, मदत हवीय. आमच्या तालुक्यात माजी सैनिकांचा मेळावा आहे (रत्नागिरी जिल्हा, अगदी उत्तरेकडचा भाग) आणि त्यात वाटायला एक पानी पत्रक करायचं माझ्याकडे आलंय. विषय असा की जे लोक तीन-तीन चार-चार वेळा फील्डला (म्हणजे सीमेवर, चकमकीच्या भागात) जाऊन आले त्यांच्या मनावर काय परिणाम होतो, घरच्यांनी काय ओळखायचं आणि मदत कुठे मागायची. हाताशी इंग्रजी मजकूर होता, त्याचं मराठी करताना पीटीएसडीला (मोठा आघात सोसल्यावर मागे राहणारं मनाचं दुखणं) मी लिहिलं 'आघातोत्तर तणाव विकृती'. छापील मराठीत साधारण असंच वाचायला मिळतं. काल वाडीतल्या एका रिटायर हवालदार काकांना ते वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावला, ओळीखाली बोट धरून वाचत गेले, त्या शब्दापाशी बोट थांबलं, आणि कागदाची घडी करून मला परत देत म्हणाले, "विकृत कोण रे, आम्ही?"

मला काय बोलावं सुचेना. संस्कृतात विकृती म्हणजे मूळ प्रकृतीत झालेला बदल एवढंच, आयुर्वेदातही प्रकृती-विकृती अशी जोडी आहे, पण आज मराठीत 'विकृत माणूस' म्हटलं की डोळ्यापुढे कोण येतं ते सगळ्यांना माहितीये. सियाचीनला राहून आलेल्या माणसाला तो शब्द आपण कसा लावायचा? निदान 'विकार' तरी म्हणावं असं वाटतं. पण माझा खरा प्रश्न पुढचा आहे, घरात बोलायला कोणता शब्द आहे आपल्याकडे? बायको नवऱ्याला, आई मुलाला म्हणू शकेल असा?

माडाखाली :
माझे मिस्टर सर्विसमध्ये आहेत, सोळा वर्षं झाली, म्हणून लिहितेय. आमच्या घरात याला शब्दच नव्हता, त्यामुळे आम्ही त्याबद्दल बोललोच नाही कधी. मागच्या मे महिन्यात रजेवर आले होते, पडवीत झोपलेले, रात्री दोनच्या सुमारास पडवीच्या पत्र्यावर नारळ पडला. मी दचकून उठले तर हे अंथरुणात नाहीत, कॉटच्या खाली, भिंतीला पाठ लावून, डोळे उघडे, आणि जाग मात्र आलेली नाही. दोन-तीन मिनिटांनी जागे झाले तेव्हा घाम नुसता निथळत होता. मुलगी पण उठली होती, तिला म्हणाले टॉर्च शोधत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळीच पाडेल्याला बोलावून त्या माडावरचे सगळे नारळ उतरवले, अगदी शहाळी पण, कोवळं काही ठेवलं नाही. सासूबाई बघत उभ्या होत्या पण कोणी काही विचारलं नाही.

माझी आई ऐकून म्हणाली, धसका घेतलाय त्याने. मला तो शब्द पटला. दचकणं वेगळं, माणूस दचकतो आणि परत भानावर येतो. धसका घेतला की तो आत राहतो. आणि धसका घेतला म्हणताना तो माणूस भित्रा आहे असं मनात येत नाही, बैलगाडीखाली येता येता वाचलेल्या पोराने पण धसका घेतलेला असतो.

मालवणी माणूस :
आमच्याकडची गोष्ट सांगतंय. माझो भाव मिलिटरीत आसा. गेल्या गणपतीक घराक इल्लो, रात्री झोपाक नाय, दोन-तीन येळा उठून बेडा लावलेला आसा की नाय बघून येय. आवस म्हणाक लागली, ह्येका कायतरी लागला, गाऱ्हाणा घालूक व्हया. देवळात जावन गाऱ्हाणा घातला पण.

(आता सगळ्यांना कळेल असं लिहितो.) गडग्याचं बेडं म्हणजे कुंपणाचं फाटक, चार बांबूंचं, त्याने कोणाला अडवणार? तरी त्याला ते लावलेलं दिसल्याशिवाय झोप नाही. मला सांगायचं ते 'लागणे' या शब्दाबद्दल. बाधा लागते, दृष्ट लागते, बोलणं मनाला लागतं, सगळीकडे एकच क्रियापद. आई 'लागलं' म्हणाली तेव्हा मला राग आला होता, अंधश्रद्धा वगैरे बोललो तिला. नंतर वाटलं तिने एक गोष्ट बरोबर पकडली होती, की हे बाहेरून येऊन लागलंय, पोराच्या स्वभावात खोट नाही. फक्त गाऱ्हाणं घालून थांबलो आणि डॉक्टरकडे जायला सहा महिने उशीर झाला, तो आमचाच. पत्रकात दोन्ही लिहा, देवाला सांगा आणि डॉक्टरला पण सांगा. देव सोडा म्हणून सांगितलंत तर आमच्याकडच्या आया पत्रक वाचणारच नाहीत.

खाडीकाठचा :
माडाखाली ताई, तुम्ही एवढं लिहिलंत, मनापासून आभार. नारळांचं वाचून बराच वेळ तसाच बसून होतो.

धसका घेतोच पत्रकात. या दुखण्याला दर लढाईत नवं नाव मिळालंय हेही इथे सांगतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर, १८७१ मध्ये, दा कोस्टा या डॉक्टरने सैनिकांची छातीतली धडधड, धाप, थकवा यावर लिहिलं, त्याला पुढे 'सोल्जर्स हार्ट' म्हणजे सैनिकाचं हृदय असं नाव पडलं. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरने लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' म्हणजे तोफगोळ्याचा धक्का हा शब्द छापला. तो इतका पसरला की १९१७ मध्ये ब्रिटिश सैन्याने त्याच्या वापरावर बंधन आणलं आणि अशा जवानाच्या कागदावर 'अजून निदान नाही, नर्व्हस' असं लिहायचा हुकूम काढला. शब्द काढला म्हणून माणसं बरी झाली नाहीत. दुसऱ्या महायुद्धात 'कॉम्बॅट फटीग' म्हणजे लढाईचा थकवा, आणि व्हिएतनामनंतर १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या पुस्तकात पीटीएसडी आलं.

आणि नॉस्टॅल्जिया! आपण शाळेच्या आठवणींना म्हणतो तो शब्द १६८८ मध्ये योहानेस होफरने आजाराचं नाव म्हणून बनवला, घरापासून दूर पडलेल्या स्विस लोकांसाठी, आणि पुढे तो मुख्यतः परमुलखात लढणाऱ्या स्विस सैनिकांना लागला.

आपल्याकडचं बघायचं तर पहिल्या महायुद्धात, आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, मराठा पलटणी अडकल्या होत्या, शेवटी घोडे मारून खायची पाळी आली. आपल्याकडे बऱ्याच गावांत संगमरवरी पाटी असते, या गावातून महायुद्धाला इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकड्यांची वजाबाकी केली की परत आलेले मिळतात, आणि त्यांचं पुढे काय झालं त्यावर कुठे एक ओळ नाही. ते रात्री काय म्हणून उठत असतील, आणि घरातले त्याला काय म्हणत असतील? ते शब्द कुणाच्या घरात उरले असतील तर इथे लिहा, खरंच.

पेन्शनीतला :
मी स्वतः २४ वर्षं काढली, म्हणून दोन शब्द. धसका बरोबर आहे पण पुरा पडत नाही. धसका एका प्रसंगाचा असतो. वरच्या ताईंच्या मिस्टरांना कुठल्यातरी एका रात्रीचा असेल. पण तुमचं पत्रक पुन्हा पुन्हा जाणाऱ्यांबद्दल आहे ना, त्यांचं दुखणं निराळं. पहिल्या खेपेला भीती असते, दुसऱ्या खेपेला हात बसलेला असतो आणि वाटतं आता जमलं, तिसऱ्या खेपेला मी पाहिलंय की माणूस बोलायचा कमी होतो, घरून फोन आला तरी हं हं करतो, चिडतो, सुट्टीवर गेला की चौथ्या दिवशी त्याला परत पलटणीत जावंसं वाटतं कारण तिथे कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही. याला मी शीण म्हणेन. थकवा झोपेने जातो. शीण साठतो, दोन महिन्यांची रजा काढली तरी थोडासाच उतरतो आणि उरलेल्या शिणावर पुढची खेप चढते.

आणि डिप्लॉयमेंटला तैनाती लिहू नका. पेपरवाले लिहितात पण आम्ही शाळेत तैनाती फौज शिकलो ती वेलस्लीची, १८०२ साली वसईच्या तहात पेशव्यांनी गळ्यात बांधून घेतलेली. जवान म्हणतात फील्ड आणि पीस, पीस म्हणजे शांत ठिकाणची नेमणूक. फील्डहून पीसला, पीसहून परत फील्डला. आमच्या घरात तर 'वर गेलाय' म्हणायची बंदी होती, काश्मीर वर आहे हे खरं, पण वर गेला म्हणजे काय ते आईला ऐकवायचं नसायचं.

खाडीकाठचा :
पेन्शनीतले काका, 'खेप' हा शब्द तुम्ही सहज लिहून गेलात पण मला तोच हवा होता! रिपीटेड डिप्लॉयमेंट म्हणजे फील्डच्या खेपा. खेपेत ओझं आलं, येणं-जाणं आलं, आणि गलबताच्या खेपा बघितलेल्या आपल्या लोकांना दर खेपेला फळ्या ढिल्या होतात हे वेगळं सांगायला नको.

तुम्ही म्हणता त्याला आकडा पण आहे. इराकमधल्या अमेरिकन सैन्याची २००८ मध्ये जी पाहणी बाहेर आली त्यात हवालदार-नायक दर्जाच्या लोकांपैकी पहिल्या खेपेला असलेल्यांत सुमारे १२ टक्के जणांना मानसिक त्रास दिसला, दुसरीला साधारण १८-१९ टक्के, आणि तिसरी-चौथी खेप असणाऱ्यांत २७ टक्के. तेव्हा त्यांची एकेक खेप १५ महिन्यांची केलेली होती. हा आकडा त्यांचा आहे, आपल्या जवानांना जसाच्या तसा लावू नये, पण खेपेगणिक वाढ कशी होते ते त्यातून दिसतं. दोन खेपांमध्ये घरी राहायचा जो काळ, त्याला ते ड्वेल टाइम म्हणतात, आणि तो पुरेसा लांब मिळाला तर माणूस बराचसा सावरतो असं त्यांनाच आढळलं.

ड्वेल टाइमला मराठी शब्द शोधता शोधता 'छावणी'पाशी आलो. आज छावणी म्हटलं की कॅन्टोन्मेंट, पण छावणी मुळात छावण्यावरून, म्हणजे छप्पर घालणं. मराठ्यांच्या फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायच्या, आणि पावसाळा आला की शक्यतो घर गाठायचं, नाही जमलं तर वर छप्पर घालून एका जागी राहायचं, ती छावणी. म्हणजे दोन खेपांमधली उसंत पावसानेच ठरवून दिलेली होती. जून-जुलैत आपल्या होड्या वर ओढून झापांनी झाकतात तसंच. त्या काळात सगळं चांगलं होतं असं मला म्हणायचं नाहीये, पण उसंत हा शब्द मला चपखल वाटतो. सुट्टी मागावी लागते, आणि सुट्टीत घराची कौलं, कोर्टाची तारीख, बहिणीचं लग्न हे सगळं उरकायचं असतं. उसंत त्याहून वेगळी.

माडाखाली :
उसंत लिहाच. दोन महिन्यांच्या रजेत आमच्याकडे एकदा विहिरीचं काम, एकदा सातबाऱ्याचं, उसंत कुठली. यापुढे मी पहिले आठ दिवस कुणालाच घरी बोलावणार नाही.

पेन्शनीतला :
अजून एक शब्द राहिला आणि तो लिहायला मला दोन दिवस लागले. काही जणांना ना धसका असतो ना शीण. त्यांना एक गोष्ट टोचत असते, जी त्यांनी केली किंवा करायची राहिली. सोबत्याला म्हटलं तू पुढे हो, आणि तो पुढे झाला. डॉक्टर लोक याला मॉरल इंज्युरी म्हणतात असं मुलाने सांगितलं, 'नैतिक इजा' असं भाषांतर वाचून मला काहीच वाटलं नाही. मराठीत याला सल म्हणतात. सल राहिला. काटा निघाला तरी टोक आत राहतं तसा. याच्यावर गोळी चालत नाही, कोणापाशी तरी एकदा बोलावं लागतं. मी बोललो, पंधरा वर्षांनी.

मालवणी माणूस :
काका, वाचून गप्प झालो. भावाला हा धागा वाचायला देऊ का?

पेन्शनीतला :
जरूर दे. आणि त्याला 'कॅटेगरी'ची, म्हणजे मेडिकलमधला दर्जा खाली जाण्याची, भीती असेल तर तेही बोल त्याच्याशी. फौजेत मेडिकलला शेप म्हणतात, त्यातलं पहिलं अक्षर एस, ते मनाचं. सगळं ठीक तर शेप वन. डॉक्टरकडे गेलो तर कॅटेगरी लागेल, प्रमोशन जाईल, म्हणून पोरं लपवतात, आम्हीही लपवलं. भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण कॅटेगरी पुन्हा तपासतात आणि वर आणतात पण, हे कोणी सांगत नाही. ते पत्रकात घाला.

खाडीकाठचा :
घालतो. आत्तापर्यंतचा मजकूर असा झालाय, बघा :

"फील्डच्या खेपा करून आलेल्या माणसाला कधी धसका बसतो, कधी शीण साठतो, कधी मनात सल राहतो. रात्री झोप नाही, आवाजाने अंग आकसतं, माणसांत बसवत नाही, उगाच राग येतो, दारू वाढते, हे महिन्याहून जास्त चाललं तर डॉक्टरला दाखवा. पाय मोडला तर दाखवतोच ना. कॅटेगरी लागली तरी ती पुन्हा तपासली जाते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं. फौजेतल्यांसाठी याचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्याला एएफएमसीत (फौजेच्या मेडिकल कॉलेजात) आहे. घरच्यांनी आल्या आल्या प्रश्न विचारू नका, थोडी उसंत द्या. जगावंसं वाटत नाही असं तो बोलला तर मात्र त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी फोन करा."

'विकृती' कुठेही नाही. संध्याकाळी हवालदार काकांना पुन्हा वाचायला दिलं. या वेळी त्यांनी कागद परत दिला नाही, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि अजून दोन प्रती मागितल्या, कुणासाठी ते बोलले नाहीत. 'आकसतं' हा शब्द दक्षिणेकडे कळेल का तेवढं सांगा, उद्या दुपारी छापायला जाईल.

मालवणी माणूस :
कळतला. पाठवा छापूक.