मराठी आलं की बॉट पडतो, पण फक्त सकाळी

कपाट_सात:
नमस्कार मंडळी. मी प्रोग्रामर नाही, तालुक्याच्या वाचनालयात देवघेव सांभाळतो. आमचे सात-आठ जुने सभासद अजूनही आयआरसीच्या (नुसत्या मजकुरात गप्पा मारायची जुनी सोय) चॅनलवर बसतात (हो, अजूनही. हसू नका). त्यांच्यासाठी पायथनमध्ये बॉट लिहिलाय: पुस्तकाच्या नावातला शब्द टाका, तो कपाट क्रमांक आणि पुस्तक आत आहे की बाहेर ते सांगतो. सॉकेट उघडण्यापासून ओळी वाचण्यापर्यंत सगळी लायब्ररी माझ्याच हातची. वाचनालयातलीच आहे शेवटी.

सकाळी साडेनऊला बॉट चालू करतो आणि आठवड्यातून तीन-चारदा तो 'युनिकोड डिकोड एरर' म्हणत तिथेच आडवा होतो. तक्रार दर वेळी १०२२-१०२३व्या जागेची, मजकूर अचानक संपला म्हणून. दिवसभर मी स्वतः मराठी टाइप करून त्याला छळलं तरी ढिम्म. शेवटी वैतागून डिकोड करताना, म्हणजे आलेल्या बाइटची अक्षरं करताना, 'इग्नोर' लावलं (न कळलेलं सोडून दे). पडायचा थांबला, पण परवा एकांच्या 'पुस्तक'चं 'पुसतक' झालं आणि त्यांनी माझं शुद्धलेखन काढलं.

शिवाय बॉटचं उत्तर लांब झालं की शेपूट तुटतं, टोकाला काळ्या चौकोनात प्रश्नचिन्ह. हे त्याच रोगाचं का?

ओसरीवरचा:
एका वेळी १०२४ बाइट वाचताय आणि वाचल्या वाचल्या डिकोड करताय ना? मध्ये बाउन्सर आहे?

कपाट_सात:
हो आणि हो. खांद्यावरून बघताय की काय? बाउन्सर रात्रीच्या गप्पा राखून ठेवतो आणि सकाळी एकदम ओततो.

ओसरीवरचा:
मग सापडलं. टीसीपीला, म्हणजे नेटवर्कवरून बाइट वाहून आणणाऱ्याला, ओळ कळत नाही, अक्षर तर त्याहून नाही. त्याच्या लेखी नुसता बाइटचा नळ. देवनागरीतला प्रत्येक घटक (अक्षर, मात्रा, हलन्त, सगळे वेगवेगळे) यूटीएफ-८मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत, तीन बाइटचा: 'न' म्हणजे २२४, १६४, १६८. तुमची बादली १०२४ची. सकाळच्या लोंढ्यात ती काठोकाठ भरते आणि काठावर एखादं अक्षर चिरतं. दोन बाइट या बादलीत, एक पुढच्या. दिवसा तुम्ही एकेक ओळ टाकता, ती अख्खी मावते, म्हणून कधीच दिसलं नाही. इंग्रजीत तर एक अक्षर एक बाइट, तिथे हा दोष वर्षानुवर्षं झोपून राहतो.

'पुसतक'चंही तेच. पायमोड्या स्‌ मधला हलन्त हा वेगळा घटक आहे, नेमका तोच चिरला आणि 'इग्नोर'ने दोन्ही तुकडे गुपचूप फेकले. ते आधी काढा. चूक लपते, मजकूर जातो.

उपाय: बाइट तसेच साठवा, १३-१०ची जोडी (ओळ संपल्याची खूण) दिसली की तिथे ओळ तोडा, आणि मगच ती ओळ डिकोड करा. बहुबाइट अक्षराच्या पोटात १३ किंवा १० कधीच येत नाही, आतले सगळे बाइट १२८ किंवा त्यावरचे, म्हणून हे तोडणं निर्धोक.

शेपटाचा रोग वेगळा. आयआरसीचा संदेश ५१२ बाइटचा, शेवटचे दोन धरून, आणि पुढे पाठवताना सर्व्हर तुमचं नाव-पत्ता त्यातच चिकटवतो. मी ४००च्या पुढे जात नाही. 'पुस्तक' एवढासा दिसतो, पण सहा घटक, १८ बाइट! पायथनचं लांबी मोजणं घटक मोजतं, बाइट नाही. एन्कोड करून मोजा आणि मोकळ्या जागेवर तोडा. शब्दात तोडलंत तर बाइट शाबूत राहूनही क्ष चे दोन भाग होतील.

सुईदोरा:
एक भर. हे सगळं हाताने नको असेल तर पायथनची 'आयआरसी' नावाचीच लायब्ररी आहे, ती ओळ पूर्ण झाल्यावरच डिकोड करते. पण तिचा 'लेनियंट' बफर मराठीसाठी मला पटत नाही. तो आधी यूटीएफ-८ बघतो, नाही जमलं तर लॅटिन-१ (युरोपीय अक्षरांची, एका बाइटला एक अक्षर अशी पद्धत). लॅटिन-१ला कुठलाही बाइट चालतो, त्यामुळे एरर येत नाही. पण शेपूट तुटलेल्या ओळीतल्या एका अक्षरापायी अख्खी ओळ परक्या, टिंबं-रेघावाल्या अक्षरांची होते. त्यापेक्षा ओळ यूटीएफ-८मध्येच 'रिप्लेस' लावून उघडा. एक चौकोन दिसेल, बाकी वाचता येईल.

आणि शोधात 'किनाऱ्यावर' टाकून बघा बरं.

कपाट_सात:
बादलीचं केलं, चार सकाळी झाल्या, बॉट उभा आहे. पण ताई, 'किनाऱ्यावर'ला तो 'नाही' म्हणाला आणि पुस्तक माझ्या मागच्या कपाटात!

सुईदोरा:
वाटलंच. हा ऱ्य लोक दोन तऱ्हांनी टाइप करतात: कुणी ऱ आणि हलन्त, कुणी साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडक. पडद्यावर हुबेहूब सारखे. एनएफसी (युनिकोडमधली समान रूपं एकसारखी करणं) लावलंत तर नुक्तावाला, म्हणजे खाली वेगळं टिंब जोडलेला, र ऱ होईल, पण जोडकवाला तसाच राहील, कारण युनिकोडच्या लेखी ते दोन समान नाहीतच. शब्द आत येताना आणि यादी वाचताना, दोन्हीकडे, जोडकवाल्याचा ऱ स्वतः करून घ्या. नुसतं जोडक पुसू नका, नाहीतर रफार उडून य च्या डोक्यावर जाईल.

कपाट_सात:
केलं. दुसऱ्या, दऱ्या, वाऱ्या, सगळे सापडू लागले. आणि 'किनाऱ्यावर'ला एक नाही, दोन नोंदी आल्या. प्रत एकच आहे. आधीच्या बाईंना शोधात सापडलं नसावं, त्यांनी ते पुन्हा दाखल करून घेतलं. आता दोन दाखल क्रमांकांपैकी कुठला खोडू, ते कार्यवाहांना विचारतो.